जुन्या खाऱ्या पाण्याचं वजन

पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी व्हर्लिन झुरफ्लूने काचेची तरंगती मापनळी चीज बुडवायच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात सोडली, ती डुलायची थांबू दिली आणि घनतेचा आकडा लॅपटॉपवरच्या हिशेबाच्या शीटमध्ये भरला. शीटने उत्तर दिलं: मीठ २०.१ टक्के. हवं होतं वीस. आणि तरीही शिकागोच्या दुकानदाराने चीजचा तिसरा माल परत पाठवला होता. अळणी, मुरल्यावर कडू. आणखी एक खेप परत आली की गिऱ्हाईक तुटणार होतं.

चूक शीटमध्ये सापडायलाच हवी होती. नाही सापडली, तर पुढचा प्रश्न त्याच्या जिभेचा होता.

विस्कॉन्सिनच्या या टापूत चीज खारवणारा माणूस पाणी बोटाने चाखतो. व्हर्लिनने जन्मभर तेच केलं. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याची चव गेली, ती परत आली नाही. त्याने हे कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मीठवाल्या कंपनीच्या तक्त्यातून घनता आणि मिठाचं प्रमाण शीटमध्ये उतरवलं, आलेख काढला आणि आलेखाने दिलेल्या सूत्रावर भागवू लागला.

"आमचे काका साठी उलटल्यावर कंप्यूटर शिकले," कोरिन कौतुकाने सांगायची. कोरिन त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यापासून कारखाना तीच चालवते.

आज तो एकेक गोष्ट तपासत गेला. तक्ता साठ अंश फॅरनहाइटचा होता, टाकी बावन्नवर. थंड पाणी जड भरतं. तो फरक काढला, तर आकडा १९.८ झाला. मग सूत्र. आलेखावर ते छापताना शीटने दशांश आखडले होते आणि त्याने तसेच उतरवले होते. पूर्ण दशांश घेतले: १९.६. एवढ्याने चीज कडू होत नाही.

शेवटी बादलीत मीठ आणि पाणी तोलून वीस टक्क्यांचं ताजं पाणी कालवलं. शीटने सांगितलं, वीस.

शीट बरोबर होती. तो स्टुलावर बसला.

कोरिन दोन मग आणि एक कागद घेऊन आत आली. नळाशी मग विसळत म्हणाली, "टाकीतलं पाणी मी लॅबमध्ये तपासायला पाठवलं होतं, काका. तुम्हाला न विचारता. रागावू नका."

"किती आलं?"

"सतराच्या जरा वर."

व्हर्लिनने टाकीकडे पाहिलं. भावाने कारखाना घेतला त्या वर्षी भरलेलं पाणी. गाळायचं, उकळायचं, मीठ घालायचं, पण फेकायचं नाही, असा इथला रिवाज. इतक्या वर्षांत चीजमधून किती निवळी त्यात उतरली असेल, दुधातला किती चुना, किती आम्ल. मापनळीला फक्त वजन कळतं. ते सगळं वजन शीटने मिठाच्या नावावर मांडलं होतं.

"तक्ता कोऱ्या पाण्याचा आहे," तो म्हणाला. "आपलं पाणी म्हातारं."

"हे चाखल्यावर कळायला हवं होतं की." तिने तळाशी पाणी असलेला एक मग बाकावर ठेवला आणि दुसरा भरायला ती टाकीकडे गेली.

त्याने बाकावरचा मग उचलला, घोट घेतला, तोंडात घोळवला. "हं. कमीच आहे जरासं."

कोरिन वळली. "काका, तो नुसता विसळलेला मग आहे. नळाचं पाणी आहे त्यात."

पंप घरघरत होता. त्याने मग खाली ठेवला.

"कधीपासून?"

"त्या तापापासून."

"म्हणजे थँक्सगिव्हिंगचा तो केक..." ती थांबली. आर्डिथकाकूने सफरचंदाच्या केकमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं होतं. सगळ्यांनी पहिला घास रुमालात टाकला. व्हर्लिनने दोन तुकडे खाल्ले आणि छान झालाय म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्ही तिचं मन राखलंत. काकू अजून चर्चमध्ये सांगते, नवरा असावा तर असा."

"ते तिला सांगू नकोस."

"चव गेल्याचं तरी सांगाल ना?"

"एक सांगितलं की दुसरं तिला कळेलच."

कोरिनने हातातला कागद बाकावर ठेवला. मग म्हणाली, "मीठ घालून टाकी आजच विसावर आणू. दर आठवड्याला नमुना पाठवू. तुम्ही इथेच राहा. चाखायचं काम मी करीन."

"मग मी इथे काय करायचं? नळी बुडवायची?"

"वजनाची कामं तुमच्याइतकी नेटकी कोणी करत नाही."

"सांत्वन करू नकोस, पोरी. तुझ्या बापालाही ते कधी जमलं नाही." त्याने रबरी एप्रनची गाठ सोडली. "मला पॅकिंगला टाक."

तिने आणखी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

दुपारपर्यंत दोघांनी मिठाच्या गोण्या टाकीत रिकाम्या केल्या. शीटमध्ये त्याने सूत्राशेजारी लिहून ठेवलं: फक्त नव्या पाण्यासाठी. घरी आर्डिथने डबा कसा होता विचारलं. तो म्हणाला, छान.

उद्या दुधाचा टँकर पावणेपाचला येईल. पाळ्यांच्या फळ्यावर खारवण्याच्या खोलीपुढे कोरिनचं नाव आहे. व्हर्लिनची पाळी पॅकिंगला, सकाळी सहाची.