शेवटचा फर्मा

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या चनबसप्पा बाइंडरच्या नीलम्मानं पंधराव्या वर्षापर्यंत मुलांच्या कादंबऱ्या किती वाचल्या असतील? साठाच्या वर. आणि त्यातल्या शेवटापर्यंत किती? एका हाताची बोटं मोजा, त्यातलीही दोन उरतील. यात पोरीचा काय दोष? त्या घरी पुस्तक यायचं तेच मुळी फाटलं म्हणून. धडधाकट पुस्तक बाइंडरकडं कशाला कडमडेल? आणि पुस्तक फाटायला लागलं की आधी जातं ते शेवटचं पान.

सिद्धाराम मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर चाटी गल्लीत एका माडीवर वाचनालय चालवायचे. महिन्याला त्यांच्याकडून पंधरा-वीस खिळखिळी पुस्तकं पोत्यात भरून यायची. चनबसप्पा जुनी शिलाई उसवून फर्मे सुटे करायचा. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. नीलम्माची आई नागम्मा मोरचूद घालून खळ शिजवायची. नीलम्मा फाटक्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवायची, आणि चिकटवता चिकटवता वाचायची. शिलाई होऊन पुस्तक दाबाच्या शिकंज्यात गेलं की खेळ खलास. दाबातलं पुस्तक उघडायचं नाही हा घरचा कायदा, आणि दाबातनं निघालं की थेट पोत्यात. म्हणजे वाचायचं ते सुटे फर्मे, हाताला लागतील तसे. चोर आधी सापडायचा, चोरी मागाहून व्हायची. तेही तिनं चालवून घेतलं असतं हो, पण शेवट? शेवटाच्या जागी चनबसप्पा दोन कोरी पानं लावून मोकळा व्हायचा.

"अप्पा, मला मास्तरांच्या वाचनालयाची सभासद होऊ द्या की," असं तिनं तीनदा विचारून पाहिलं होतं. अर्जावर घरच्या कर्त्याची सही लागायची. अर्ज तिनं आणूनही ठेवला होता, भूगोलाच्या पुस्तकात.

चनबसप्पाचं उत्तर तिन्ही वेळा एकच. "हलवायाच्या पोरीनं दुसऱ्याच्या दुकानातनं पेढं आणायचं व्हय?"

"पण आपल्याकडं येतेत ते अर्धे खाल्लेले पेढे!"

"साकू!"

साकू म्हणजे कानडीत पुरे. त्या घरात बोलणं सगळं कानडीच, तुमच्या सोयीसाठी मी मराठीत सांगतोय. तर साकू म्हटल्यावर पुढं बोलायची सोय नव्हती. चनबसप्पा अक्कलकोटकडचा, कानडी शाळेत चार यत्ता शिकलेला. मराठी फडाफडा बोलायचा, वाचता मात्र यायचं नाही. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायच्या नावाच्या चिठ्ठ्या नीलम्माच लिहायची. अक्षर असं, की मास्तर म्हणायचे, छापखान्यानं लाजावं. ज्या माणसानं आयुष्यभर पुस्तकं शिवली त्याला एकाही पुस्तकात काय आहे याची पडलेली नव्हती, आणि जिला पडलेली होती तिला मिळायचे अर्धे पेढे. मार्चात दहावी, आणि दहावीनंतर पूर्णवेळ खळ नि पुठ्ठा, हे घरात ठरल्यातच जमा होतं. तेव्हा ती सभासदाची सही एवढीच काय ती तिची आशा होती.

बरं, जे वाचायला मिळायचं त्यानं तरी जिवाला थंडावा मिळावा! तेही नाही. सगळ्या कादंबऱ्यांत पोरं सुट्टीत मामाकडं जायची. मामा कोकणात. मामाच्या गावाला भुयार, नाहीतर पडका किल्ला, नाहीतर बेट. नीलम्माचा मामा दुधनीला, त्याच्या गावाला बाभळी आणि एक विहीर. पण तेही राहू द्या. तिचं डोकं फिरायचं ते दुसऱ्याच गोष्टीनं. चार पोरांच्या टोळीत एक पोरगी असायचीच, आणि ती पोरगी एक तर पाय मुरगळून बसायची, नाहीतर "अगबाई, साप!" म्हणून किंचाळायची, नाहीतर डबा सांभाळायची.

"अव्वा, ह्या गोष्टी लिवणाऱ्यांच्या घरात पोरी नसतात का गं?" ती खळीत ब्रश आपटत विचारायची.

"असतील की. त्या डबा सांभाळत असतील," नागम्मा म्हणायची.

शहात्तर सालची गोष्ट. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यातल्या पोत्यात एका दीपगृहाची कादंबरी आली. तीन पोरं आणि सुमी. योगायोग असा, की तिचे दहा फर्मे ओळीनं लागले आणि नीलम्मानं पहिल्यांदाच एक गोष्ट सरळ क्रमानं वाचली. चंदू, दिलीप आणि मन्या चोरट्या मालाचा माग काढत होडीनं खडकावर जातात. जाताना म्हणतात, "सुमे, तू इथंच थांब. लाडवांचा डबा सांभाळ." भरती येते, होडी वाहून जाते, पोरं खडकावर अडकतात. किनाऱ्यावर सुमी एकटी. एकशे साठाव्या पानावर शेवटची ओळ, 'सुमीनं समुद्राकडे पाहिलं आणि'. बस्स! पुढं दोरा लोंबत होता. अकरावा फर्मा कुणाच्या बंबात गेला देव जाणे.

नीलम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं पोतं झटकलं, फळीखाली पाहिलं, रद्दी उपसली. शेवटी वैतागून भिंतीला टेकून बसली आणि रडली. आईनं विचारलं तर म्हणाली, मोरचूद डोळ्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं कोरे कागद घेतले, नीट दुमडून सोळा पानांची घडी केली, आणि लिहायला बसली. सुमीनं समुद्राकडे पाहिलं आणि डब्यातले लाडू वाळूत ओतले. झाकण घट्ट लावलं, डबा ओढणीनं पाठीला बांधला आणि पाण्यात उतरली. समुद्र नीलम्मानं कधी पाहिला नव्हता. पण दुधनीच्या विहिरीत पाठीला डबा बांधून ती पोहायला शिकली होती, तेवढ्या भांडवलावर तिनं सोळा पानं भरली. तीन दिवस लागले. मग तो फर्मा दहाव्याखाली सरकवून ती गप बसली. चनबसप्पाला एका गिरणीची रजिस्टरं द्यायची घाई होती. पुस्तक शिवून झालं, शिकंज्यात गेलं, पोत्यातनं परतही गेलं. घाईत अप्पानं फर्मे मोजले नसणार, असं म्हणून तिनं सुस्कारा सोडला.

महिन्याभरानं, ऐन दहावीच्या अभ्यासात, एका रविवारी सकाळी सिद्धाराम मास्तर दारात उभे. धोतराचा सोगा एका हातात, दीपगृहाची कादंबरी दुसऱ्या हातात, काखेत आणखी एक पुस्तक. चेहरा लालबुंद.

"चनबसप्पा, हे अक्षर कुणाचं?"

चनबसप्पानं वरवर पाहिलं. पाठीवरच्या चिठ्ठीवरचं आणि आतलं, दोन्ही एकाच हातचं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"आमच्या एका सभासदाची मुलगी पाठीला डालड्याचा डबा बांधून सिद्धेश्वराच्या तळ्यात उतरायला निघाली होती! बापानं वेणीला धरून घरी आणली. का, तर म्हणे सुमी गेली. मी म्हटलं, पुस्तकात असं असेल कसं? बार्शीच्या ओळखीच्या वाचनालयातून अख्खी प्रत मागवली, एस्टीनं. हा बघा खरा शेवट! आणि हे बघा तुमच्या कन्यारत्नाचे प्रताप! वाचू? वाचतोच."

आणि मास्तर दारात उभ्या उभ्या वाचायला लागले. रागानं सुरू केलं खरं, पण जुना मास्तर तो, वाचायला लागला की आवाज लागायचाच. लाडू वाळूत पडले, सुमी पाण्यात उतरली. शेजारच्या दोन बायका भांडी घासायची थांबल्या.

"समुद्रात डबा बांधून कुणी पोहतं का हो?" मास्तर मध्येच कडाडले.

"पोहतंय की," चनबसप्पा म्हणाला. "गाठ डाव्या बगलंखाली मारावी लागती. मीच शिकवलंय हिला."

मास्तरांनी चष्म्यावरनं त्याच्याकडं पाहिलं आणि पुढं वाचलं. मोठी लाट आली. ओढणीची गाठ सुटायला लागली. खडक अजून लांब होता, आणि...

"पुरे हा वाह्यातपणा!" त्यांनी पुस्तक फाडकन मिटलं. "चनबसप्पा, हा फर्मा आत्ताच्या आत्ता उसवून काढा. नाहीतर आजपासून माझी पुस्तकं दुसरीकडं जातील."

नीलम्मा दाराआड उभी. अप्पाच्या हातात कात्री गेली की तिची सोळा पानं संपली, आणि सभासद होणं तर जन्मात विसरावं.

पण चनबसप्पानं कात्रीला हात लावला नाही. "मास्तर, पोरीनं चूक केली. तिला काय बोलायचं ते बोला, कान धरा. पण पान काढणं आमच्यात न्हाई. माझा बाप मठातल्या पोथ्या बांधायचा. त्यानं एकच सांगितलं, लागंल तेवढं जोड, पण शिवलेल्यातलं पान कमी करू नगंस. ते पाप हाय. पुस्तकं दुसरीकडं न्यायची तर न्या."

मास्तर चपापले. सोलापुरात त्यांच्या जुन्या पुस्तकांना इतक्या निगुतीनं हात लावणारा दुसरा कोण होता? उभ्यानंच थोडी हुज्जत झाली, आणि अखेर तोड निघाली. खरा शेवट नीलम्मानं बार्शीच्या प्रतीतून हातानं उतरवून काढायचा, शब्दाचा फरक न करता, आणि तो फर्मा तिच्या फर्म्यानंतर जोडायचा. वर लिहायचं, 'मूळ शेवट'.

"आणि चांगल्या अक्षरात," मास्तर जाताना म्हणाले. शिक्षा द्यावी तर मास्तरांनीच!

नीलम्मानं उतरवायला घेतलं आणि तिला कळलं की खरी शिक्षा कुठली. सुमीनं समुद्राकडे पाहिलं आणि ती हुंदके देऊ लागली. तेवढ्यात पोलिसांची लाँच आली. तिनं बोलावली म्हणून नव्हे, आपली आपण आली. पोरं सुटली, चोर सापडले. फौजदारानं चंदूची पाठ थोपटली, दिलीपला घड्याळ दिलं, मन्याला दुर्बीण. सुमीला रिबिनी. तांबड्या! शेवटची ओळ होती, 'सुमीनं सर्वांना गरम गरम चहा दिला आणि सारे हसले.'

सारे हसले म्हणे! साठ पुस्तकांचे शेवट हुकले म्हणून ती पाच वर्षं जिवाला खात होती, ते असले शेवट? तिला वाटलं टाक फेकून द्यावा, शाई ओतावी त्या चहात. पण शब्दाचा फरक करायचा नाही असं कबूल केलेलं. दात-ओठ खात तिनं रिबिनी लिहिल्या, चहा लिहिला, हसणंही लिहिलं. अक्षर तसूभर हललं नाही.

संध्याकाळी चनबसप्पा पुस्तक शिवायला बसला. उसवलेले फर्मे अंगठ्यानं उडवत त्यानं मोजले, "ऒंदु, एरडु, मूरु..." बारापर्यंत. मोजून झाल्यावर सुई ओवली.

नीलम्मा बघत राहिली. "अप्पा, मागल्या खेपेला मोजलं नव्हतं?"

"न मोजता कधी शिवलंय मी?"

"म्हंजे दहाचे अकरा झालेले तुमाला ठावं होतं?"

"व्हय."

"आणि तरी शिवलं?"

"मेहनत दिसत होती. कागदबी नीट दुमडला होतास." त्यानं दोरा ओढला. दोन टाके घातले. तिसऱ्या टाक्याला थांबला, मान खालीच. "नीला, ते मास्तर मधीच थांबले बघ. लाट आली, गाठ सुटली. पुढं त्या पोरीचं काय झालं?"

नीलम्माला आधी कळेचना. मग कळलं, आणि पाच वर्षांचा वैताग एकदम जिभेवर आला. ती आत गेली, भूगोलाच्या पुस्तकातला अर्ज काढला आणि खळीच्या भांड्याशेजारी अप्पापुढं ठेवला.

"सही करा. मग सांगते."

"बापाशी सौदा करतीस?"

"अर्धा पेढा कसा लागतो, कळू द्या तुमालाबी."

"साकू!" चनबसप्पा ओरडला. आतून नागम्माचं हसणं ऐकू आलं, त्यानं तो आणखीच पेटला. अर्ज त्यानं भिरकावला. आपल्याला काही पडलेली नाही, म्हणाला.

चार दिवस त्यानं तग धरला. पहिल्या दिवशी नुसते पुठ्ठे कापत बसला. दुसऱ्या दिवशी नागम्माला हळूच विचारून पाहिलं, तर ती म्हणाली, मला काय ठावं, मला कुठं वाचता येतंय! तिसऱ्या दिवशी पुस्तक शिकंज्यातनं काढून अकरावा फर्मा उघडून बसला, त्या सुबक अक्षरांकडं डोळे फाडून बघत राहिला, आणि मिटून ठेवलं. चौथ्या दिवशी भाकरीवर शेंगाचटणी घेता घेता म्हणाला, गाठ डाव्या बगलंखाली मारली असती तर सुटलीच नसती. नीलम्मानं ताटातनं मान वर केली नाही. लई वाटत होतं सांगून टाकावं. पण नाही सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी ती शाळेला निघाली तर दारात चनबसप्पा. हातात तो अर्ज, चुरगळलेला, खळीचा डाग पडलेला. खाली कानडीत, एकेक अक्षर दाबून लिहिलेली सही.

"हं," तो म्हणाला. "सांग आता."