बोलीतली क्लिप

“हा माणूस बाहेर गेल्याबिगर मी बोलनार नाही,” आत्याबाई म्हणाल्या. हा माणूस म्हणजे मी, आणि स्टुडिओही माझाच.

नांदुऱ्यात माझं साउंडचं काम आहे. लग्नं, सभा, ऑटोवर वाजणाऱ्या प्रचाराच्या क्लिपा. त्या दिवशी राजूभाऊ आपल्या आत्याला घेऊन आला होता. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांची चार-पाच गावं आहेत. तिथली बोली वेगळीच, मराठी माणसाला अक्षरही कळत नाही. राजूभाऊनं त्या लोकांचा पक्ष काढला होता. मागणी स्वायत्त परिषदेची, म्हणजे तिथल्या शाळेचे, जंगलाचे निर्णय त्यांनी निवडलेल्या माणसांनी घ्यायचे. बाकीचे पुढारी हसायचे. म्हणायचे, अशी बोलीच नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी पहिली सभा ठेवलेली, आणि तिचं बोलावणं बोलीतच द्यायचं होतं.

“मानसं नाही आली तं पक्ष खतम समजा, दादा,” राजूभाऊ म्हणाला.

मी आत्याबाईंना विचारलं, “पन मी बाहेर काऊन जाऊ?”

“हे घरातलं बोलनं हाये. परक्यासमोर नाही बोलत आमी. हे बी राजूच्या हट्टापायी.”

मी लेव्हल लावली, म्हणजे आवाज किती आत घ्यायचा ते ठरवलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मुकाट बाहेर जाऊन बसलो. काचेतून ओठ हलताना दिसत होते. कान लावायची फार इच्छा झाली, पण दार मीच साउंडप्रूफ करून घेतलेलं! नंतर एडिट करताना क्लिप पुन्हा पुन्हा ऐकली. आवाज खणखणीत, अर्थ शून्य.

बाजारात ऑटोवर क्लिप लावली आणि गंमतच झाली. मिरच्या विकणाऱ्या राजूभाऊच्या गावांतल्या बाया एकदम गप्प झाल्या. एकीनं माना खाली घातलेल्या बाकीच्यांकडे पाहिलं आणि ती तरातरा ऑटोपाशी आली.

“घरचं बोलनं भोंग्यावर काऊन लावलं बे, राजू? बंद कर!”

राजूभाऊचा चेहरा उतरला. “मंग लोकायले सांगू कसं?”

“जसं सांगत आलो तसं,” ऑटोतून उतरत आत्याबाई म्हणाल्या. पदर खोचला आणि एकेका दुकानाशी बसून, हळू आवाजात, त्या बोलावणं देत सुटल्या. माझ्या भोंग्यांना काही काम उरलं नाही.

संध्याकाळी मैदान भरलं. बोली आहे की नाही ते पाहायला दोन पुढारीही आले होते. राजूभाऊ आधी मराठीत बोलला, माझ्या माईकवर. मग त्यानं मला खूण केली. मी माईक बंद केला.

तो स्टेजवरून खाली उतरला आणि बोलीत बोलू लागला. माणसं उठून त्याच्याभोवती सरकली. त्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण सगळ्या मैदानानं एका दमात उत्तर दिलं.

एक पुढारी मिक्सरपाशी आला. “आवाज वाढव ना थोडा.”

“माईकच बंद हाये, साहेब.”

परिषद अजून मिळालेली नाही. पण अशी बोलीच नाही, असं पुन्हा कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. सामान आवरताना आत्याबाईंना विचारलं, “काय म्हनाला तो?”

“तुले काऊन सांगू?” त्या हसल्या, आणि माझ्या लॅपटॉपमधली क्लिप त्यांनी समोर उभं राहून डिलीट करून घेतली.

हल्ली सभेची ऑर्डर आली की आवाज कुठवर पोचवायचा हे विचारतो, आणि कुठं पोचवायचा नाही, तेही.