शेवटचा हप्ता

धुळ्याहून जळगावला जाताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. वय सव्वीस-सत्तावीस असेल. बी.एड.साठी तिने बँकेचं कर्ज काढलं होतं. इकडे नोकरी मिळेना, म्हणून दोन वर्षं मालदीवच्या एका बेटावर इंग्रजी शिकवून आली होती. आज शेवटचा हप्ता भरायला निघाली होती. प्रत्येक वाक्यानंतर ती क्षणभर थांबायची, जणू समोरच्या मुलांनी ते परत म्हणायचं आहे.

"घरच्यांनी एकटीला पाठवलं?" मी विचारलं.

"आबा नको म्हणत होते. एक स्थळ आलं होतं. आबा म्हणाले, 'त्या लोके तुनं कर्ज फेडाले तयार शेतस.' मी म्हटलं, आबा, शिकले मी, तर फेडीनही मीच."

पारोळा मागे पडलं. मी म्हणालो, "म्हणजे आता सुटलात. इथेच राहाल."

"नाही. पुढच्या आठवड्यात परत निघतेय. तेव्हा जावं लागलं होतं, भाऊ. आता जायचंय म्हणून जातेय."

जळगावात उतरून ती मागे न बघता बँकेकडे चालू लागली. मी साहेबांना भेटायला आलो होतो, नाशिकची बदली रद्द करा म्हणून विनवायला. हे काही मी तिला सांगितलं नव्हतं.