हद्दपार आत्या आणि एकोणीस बोलावणी

मी माझ्या सख्ख्या आत्याला ऐन संक्रांतीच्या दिवशी कायमचं हद्दपार केलं, तेव्हा मी गुळपोळ्या खाऊन झोपले होते.

हद्दपार म्हणजे पनवेलमधून नव्हे. (तेवढी ताकद आमच्या घरात फक्त आत्याकडेच आहे.) हद्दपार केलं ते ‘कुंडीकट्टा’वरून. कुंडीकट्टा म्हणजे मी इंटरनेटवर काढलेला चर्चेचा मंच. गॅलरीत, गच्चीवर, खिडकीच्या जाळीत झाडं लावणाऱ्यांनी तिथे यावं, जास्वंदीवर मावा पडला तर ओरडावं, ज्याला औषध माहीत असेल त्याने सांगावं, अशी साधी कल्पना. प्रत्येकाच्या मोबाइलवर दहा-दहा ग्रुप होण्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा घरात एकच कंप्युटर असायचा आणि त्याच्यावर क्रोशाचं कव्हर असायचं.

मंच काढायचं खरं कारण मात्र झाडं हे नव्हतं. मला माणसांशी बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण उत्तर सुचतं ते समोरचा माणूस रिक्षात बसून निघून गेल्यावर. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे नातेवाइकांत मराठी बोलताना अडखळायचे आणि कॉलेजात इंग्रजी बोलताना लाजायचे. थोडक्यात, दोन भाषांत गप्प बसता यायचं! मंचावर तसं नव्हतं. वाक्य लिहावं, खोडावं, पुन्हा लिहावं, मग पाठवावं. “अगं, बोल की काहीतरी!” असं कुणी म्हणत नव्हतं. पूर्ण वाक्यं बोलायला मला जगात तेवढी एकच जागा होती.

पहिले आठ महिने तिथे चार सभासद होते. मी, बाबा, माझी एक मैत्रीण (ती नाव नोंदवून पासवर्ड विसरली) आणि एक परदेशी गृहस्थ. हा गृहस्थ प्रत्येक चर्चेखाली वजन कमी करायच्या गोळ्या विकायचा. कढीपत्ता वाढत नाही? गोळी घ्या. गांडूळखताला वास येतोय? गोळी घ्या. शेवटी मी ‘मंच कसा वाढवावा’ असा एक इंग्रजी लेख वाचला आणि त्यातला नियम जसाच्या तसा बसवला: तासाभरात एकच मजकूर वीसपेक्षा जास्त वेळा टाकणाऱ्याला यंत्राने आपणहून बाहेर काढावं. कायमचं. गृहस्थ गेला. मला फार कर्तबगार वाटलं.

मग शालनआत्या आली. ही बाबांची मोठी बहीण. जुन्या पनवेलमध्ये एकटी राहते, टपाल कचेरीतून निवृत्त झालेली. तिने सकाळी तलावाभोवती फिरणाऱ्या तिच्या ग्रुपमधल्या एकोणीस बायका आणल्या आणि कुंडीकट्ट्याला पालवी फुटली! कढीपत्त्याला ताक घालावं की नाही यावर तीन दिवस वाद चालला. गावठाणातल्या पाटीलकाकूंना मी मोगरा छाटायचा सल्ला दिला, तर त्यांनी सुनेकडून टाइप करवून उत्तर पाठवलं, “पोरीला अक्कल हाय.” ते मी अकरा वेळा वाचलं.

आणि संक्रांत आली. दुपारी मी झोपले असताना बाबांचा फोन वाजला.

“सुध्या, तुझ्या लेकीने मला बाहेर काढलं!”

“कुठून बाहेर काढलं? ती तर झोपलीये.”

“झोपेत काढलं!”

झालं होतं ते असं. आत्याने जेवण आटोपून एकेका चर्चेत जाऊन ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ लिहायला सुरुवात केली होती. मावा, गांडूळखत, टोमॅटोची पानं का वळतात... प्रत्येक दारात एक तिळगूळ. एकविसाव्या तिळगुळाला यंत्राने तिला उचलून बाहेर टाकलं. पडद्यावर इंग्रजी पाटी आली. ती तिने खालच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकांना दाखवली आणि काकांनी (सेवाभावी माणूस!) शब्दन् शब्द मराठी करून सांगितला: तुमच्यावर बंदी घालण्यात आली आहे. कारण, कचरा. मुदत, कधीही न संपणारी.

“कधीही न संपणारी! अरे, खुन्यालासुद्धा चौदा वर्षांनी सोडतात, सुध्या!”

मी धडपडत उठून दोन क्लिकमध्ये बंदी काढली आणि फोन घेतला. “आत्या, चूक झाली. काढलीये बंदी. ये आता.”

“दार उघडं दिसलं की आत येते ती मांजर. माणसाला बोलवावं लागतं.” फोन बंद.

संध्याकाळपर्यंत तलावाभोवतीच्या एकोणीसही जणींनी कट्टा सोडला. जाताना कुणी भांडलंसुद्धा नाही. फक्त येणं थांबवलं. रात्री जेवताना बाबा म्हणाले, “मीही सोडतोय.”

“बाबा! तुम्ही?”

“मला दर वर्षी राखी बांधून घ्यायची असते. तू तुझं बघ.”

म्हणजे कुंडीकट्ट्यावर उरलो मी आणि पासवर्ड विसरलेली मैत्रीण. आठवडाभर मी रोज तिथे जात होते. कढीपत्त्याचा वाद मध्येच तुटून पडला होता. मी नवीन प्रश्न टाकला, वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच उत्तर दिलं. त्या दिवशी मला कळलं की असंच चाललं तर मी पुन्हा दोन भाषांत गप्प बसणार.

आई म्हणाली, “घरी जाऊन बोलाव तिला. आणि मला बरोबर ओढू नकोस. काढताना मला विचारलं होतंस?”

आत्याच्या घरी गेले तेव्हा ती पाठ करून अबोलीला पाणी घालत होती. मी खिशातून कागद काढला. (बोलताना चुकायला नको म्हणून माफी लिहून नेली होती.)

“प्रिय सभासद, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल...”

“मी सभासद?”

“प्रिय आत्या सभासद...”

“ठेव तो कागद!” आत्या वळली. “एकदम सगळ्यांना मिळून तिळगूळ देतात का गं? ते काय रेशन आहे? एकेकाच्या दारात जाऊनच द्यायचा असतो. तुझे काका गेल्यापासून सहा वर्षं मला संक्रांतीचं बोलावणं नाही. बायका नटून हळदीकुंकवाला जातात, माझ्या दारावरून चपलांचे आवाज जातात. तुझ्या त्या कट्ट्यावर कुणी विचारलं नाही की बाई, तुम्हाला चालतं का. मी म्हटलं, चला, इथे तरी घरोघर जाऊ. तर कचरा!”

एरवी अशा वेळी मी पायाच्या अंगठ्याकडे बघते आणि उत्तर घरी पोचल्यावर सुचतं. पण त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, “मग आमच्या गच्चीवर तिळगूळ करू. हळदीकुंकू नाही, नुसता तिळगूळ. सगळ्यांना. रथसप्तमीच्या आत. मी बोलावणी करते.” ते मीच म्हणाले होते, हे मला आत्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

“घरोघर जाऊन?” आत्याने विचारलं.

“घरोघर.”

“एकोणीस घरं आहेत.”

“हो,” मी म्हटलं आणि माफीच्या कागदामागे घरांची यादी लिहायला घेतली.

माणसांकडे जावं लागू नये म्हणून जिने मंच काढला, ती मुलगी त्याच मंचासाठी एकोणीस दारांच्या बेल वाजवत पनवेलभर फिरली. आत्या बरोबर होती, पण अटीवर. “मी रुसलेली आहे. मी एक अक्षर बोलणार नाही. फरीदाचं घर डावीकडे.”

फरीदाचाचींचं किराणा दुकान, मिस्टर कुवेतला. गुलाबाची कलमं करावीत तर त्यांनीच. मी पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. त्या बघतच राहिल्या.

“संक्रांतीचं बोलावणं आमच्या घरी पहिल्यांदा आलंय, बेटा. माशाल्ला! येणार, जरूर येणार. पण सरबत घेतल्याशिवाय सोडणार नाही.”

पाटीलकाकूंनी मात्र दारातच अडवलं. “आमी नाय येनार! शालनबाईंना कचरा बोललाव. जिथं त्या नाय, तिथं आमी नाय.”

“काकू, आत्या माझ्या मागेच उभी आहे.”

पाटीलकाकूंनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. “ओ बाई, तुमी रुसल्या हायत ना?”

“रुसलेच आहे. नुसता रस्ता दाखवायला आलेय.”

“मंग ठीक हाय. आमी पन रुसलेलोच हाव. पन येऊ!” आणि चहा आला.

प्रत्येक घरी चहा. सातव्या घरापर्यंत माझं पाठ केलेलं वाक्य संपून नुसतं बोलणं सुरू झालं होतं, कारण वाक्य आठवण्यापेक्षा बाथरूम कुठे आहे हे विचारणं जास्त तातडीचं होतं. अकराव्या घरी मी कुणाची तरी तुळस बघून “मंजिऱ्या खुडा हो!” असं दटावलं. आत्याने (रुसलेल्या अवस्थेत) माझ्याकडे चमकून पाहिलं. बाराव्या घरानंतर शेजारचं दार उघडलं. “आम्हाला नाही का बोलावणं?” मी हो म्हणून बसले. मग त्यांच्या समोरचं दार उघडलं. एकोणिसावं घर संपलं तेव्हा पाहुणे बेचाळीस झाले होते. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कंप्युटर नव्हता आणि तिघांकडे झाडही नव्हतं!

बेचाळीस माणसांचे लाडू मीच करणार, असं मी जाहीर केलं. घरोघर फिरून मला भलताच आत्मविश्वास आला होता. आई शेजारून खुर्च्या जमवायला निघताना म्हणाली, “पाक गोळीबंद झाला की लगेच उतरव. बघत बसू नकोस.” मी बघत बसले नाही. नक्की व्हावा म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवला.

रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी गच्ची भरली. पुरुषही होते, फरीदाचाचीही होत्या, पाटीलकाकू सुनेला घेऊन आल्या होत्या. पहिला तिळगूळ मी आत्याच्या हातावर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “ये कट्ट्यावर.” आत्याचे डोळे भरले. मग तिने सगळ्यांना एकेक करून स्वतः लाडू वाटले, प्रत्येकाला वेगळं ‘गोड बोला’ म्हणत. बेचाळीस वेळा. कुणीही तिला अडवलं नाही.

मग सगळ्यांनी लाडू तोंडात टाकले.

टक्.

आधी एक, मग गच्चीभर. टक्, टक्, टक्. बाबांनी लाडू तोंडातून काढून उजेडात धरून पाहिला. मला वाटलं, आता हे बेचाळीस लोक उठणार, जिना उतरणार आणि कुंडीकट्टा कायमचा संपणार!

“अगं,” आत्या गाल फुगवून कशीबशी म्हणाली, “गोड बोला म्हणतेस आणि तोंडच बंद करून टाकतेस!”

गच्ची अशी हसली की खालून देशपांडेकाका (ते आत्याला सोडायला आले होते) वर बघायला आले. मग कुणी गेलंच नाही. दोन तास सगळे एका गालात लाडू धरून झाडांवर बोलत होते. मीही बोलत होते. शिष्टाचार म्हणून लोकांनी उरलेले लाडू रुमालात बांधून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्टा उघडला, तर आत्या परत आली होती आणि तिच्या पाठोपाठ एकोणीसही जणी. बाबांनीही गुपचूप पुन्हा नाव नोंदवलं होतं. आत्याने नवी चर्चा सुरू केली होती: ‘कालच्या लाडवांचे काय करावे?’ संध्याकाळपर्यंत तिथे त्रेसष्ट उत्तरं आली. फरीदाचाचींनी खलबत्ता वापरला, खलबत्त्याला चीर गेली. पाटीलकाकूंच्या सुनेने दाराला अडसर म्हणून लावला. ज्यांच्याकडे झाडही नव्हतं, ती तिघं केवळ एवढं लिहायला सभासद झाली. शेवटी आत्याने फोटोसकट सल्ला दिला की कुंडीच्या तळाला खापराच्या तुकड्यांऐवजी हे लाडू घालावेत. पाणी फार छान निथळतं आणि महिनाभर तरी विरघळणार नाहीत, अशी तिची खात्री होती.

मंच कसा वाढवावा, असं मला आजही लोक विचारतात. मी त्यांना नियम, शिस्त, चिकाटी असं बरंच काही सांगते. कट्ट्यावरचा आजवरचा सर्वांत जास्त वाचला गेलेला बागकामाचा सल्ला आत्याचा आहे आणि माझा त्यात वाटा फक्त पाकापुरता आहे, हे मात्र सांगत नाही.