लांब दोरीचा पाळणा

रुग्णालयात तिला सगळे पिवळी मावशी म्हणत. अंगावर पिवळं काही नसायचं, हातात असायचं. ऑपरेशनचा कापूस, रक्ताने भिजलेल्या पट्ट्या, माणसाच्या अंगातून कापून काढलेलं जे काय असेल ते, सगळं पिवळ्या पिशवीत. नळ्या लाल पिशवीत. सुया पांढऱ्या जाड डब्यात. अठरा वर्षं मावशी हे वॉर्डावॉर्डातून गोळा करून मागच्या खोलीत नेत होती. तिथे काट्यावर वजन व्हायचं आणि दुपारच्या गाडीने सगळं भट्टीकडे जायचं. मावशी पिशवी उचलायची आणि काट्याआधी वजन सांगायची. काटेवाला म्हणायचा, "मावशी, तुम्ही असताना मला कशाला ठेवलंय?" ती म्हणायची, "बसायला."

नव्या बायकांना तिची एकच शिकवण. "मानेला धरायची, हात लांब ठेवायचे. अंगाला लावायची नाही, बुडाला हात घालायचा नाही. लेकरू नाही ते!"

आणि एक दिवस तिनेच बुडाला हात घातला.

ड्रेसिंगच्या खोलीतली पिशवी त्या दिवशी गळ्यापर्यंत ठासलेली होती. उचलली तशी खालून फाटायला लागली. बाहेर बाकावर माणसं बसलेली. त्यांच्या पायांवर घाण सांडू नये म्हणून मावशीचा डावा हात आपसूक खाली गेला. आत कुणीतरी घाईघाईत सुई कापसात गुंडाळून टाकली होती. हातमोजा फाडून ती तळहातात शिरली.

नळाखाली साबणाने हात धुऊन ती सिस्टरकडे गेली. सिस्टरने विचारलं, "कुठल्या पेशंटची होती?"

"मला काय विचारता? तिच्यावर नाव-पत्ता लिहिलाय का?"

सुई एचआयव्हीच्या पेशंटची असली तर, म्हणून अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या. त्यांनी अशी मळमळ व्हायची की चहाचा वासही नकोसा झाला. रक्ताच्या तपासण्या तीन: दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तिसरी चांगली आली की सुटका.

घरी लेक तेव्हा आठव्या महिन्यात होती. जावई गाडीवर, महिनामहिना बाहेर, म्हणून ती आईकडेच राहायची. महिनाभराने तिला मुलगी झाली. डॉक्टर मावशीला म्हणाले, "खुशाल घ्या बाळाला. त्याने काही होत नाही."

मावशीने मान डोलावली. पण "काही होत नाही" म्हणणाऱ्यांनीच सुया कापसात गुंडाळलेल्या तिने अठरा वर्षं पाहिल्या होत्या. तिने मनाशी ठरवलं, तिसऱ्या तपासणीचा कागद हातात येईपर्यंत नातीला हात लावायचा नाही.

लेक चिडायची. "समोरची म्हातारी खोकत येते आणि पटापट मुके घेऊन जाते. आणि सख्खी आजी उंबऱ्यात उभी!"

"म्हातारीचं खोकणं ऐकू तरी येतं. माझ्या आत काय आहे ते कुणाला ऐकू येतंय?"

पाळण्याच्या दोरीला मावशीने दुसरी दोरी जोडली, मग तिसरी. शेवटी ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली. कामावरून आली की मावशी तिथे पाटावर बसायची आणि लांबून झोका द्यायची. "कोण गं ती? लाथा कोणाला मारते?" असं काहीबाही बोलत राहायची. पाळण्याच्या काठावरून एक मूठ वर यायची, पुन्हा बुडायची. मावशीला मुठीपलीकडचं फार काही दिसायचं नाही.

लंगोट, झबली ती हातमोजे घालून धुवायची. पण पाण्यात टाकण्याआधी एकेक झबलं नाकाशी धरायची. आंबूस दूध, थोडं तेल. नाकाला काही बंदी नव्हती.

कामावर आता तिचं लक्ष नसायचं. एकदा पिशवी उचलून ती नुसतीच उभी राहिली. काटेवाला म्हणाला, "सांगा की, किती?"

"चार किलो," मावशी म्हणाली, आणि मग हळूच, "पोरीचं किती झालं असेल रे?"

"घरी उचलून बघा की."

तिने पिशवी काट्यावर ठेवली.

पहिला कागद चांगला आला, दुसराही. पोर पालथी पडायला लागली, आजीच्या आवाजाकडे मान वळवायला लागली, दोरी थांबली की ओरडायला लागली. मग एका सकाळी तिसरा कागद हातात पडला. मावशीने तो सिस्टरकडून दोनदा वाचून घेतला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घर गाठलं. कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले.

पाळण्यात वाकून तिने नातीला उचललं. दोन्ही हात सरळ, लांब. पोर हवेत लटकली, पाय झाडायला लागली.

"सहा किलो दोनशे," मावशी म्हणाली.

लेक आधी बघतच राहिली, मग पोट धरून हसली. "अगं आई, पिशवी नाही ती! अंगाला लाव."

मावशीला ते कळत होतं, पण कोपरं वाकेनात. शेवटी लेकीनेच मागून येऊन तिचे दोन्ही हात दुमडले. पोर आजीच्या छातीवर येऊन आदळली आणि पदर मुठीत धरून लगेच मुतली.

"दे इकडे, साडी बदल," लेक म्हणाली.

"राहू दे."

दुपारभर ती पाटावर तशीच बसून राहिली. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणाची ओल तिने अंगावर वाळू दिली.