गालातलं मीठ

धानोऱ्याच्या बाजारात चिंचेखाली एक बाई खडेमीठ विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. चैत्राच्या उन्हात तो पांढरा ढीग असा लकाकायचा, की बघता बघता डोळे दिपावेत. मीठ मापून झालं तरी तिचा अंगठा बोटांवर फिरतच असायचा, एखादा खडा अजून चिकटलेला असावा तसा.

त्या दिवशी मी दोन वर्षांच्या लेकीला घेऊन, बहिणीचं महिन्याचं बाळ बघायला निघाले होते. वाटेत मिठासाठी गाडीतून उतरले. लेकीला ताप होता, नाक-डोळे पाझरत होते. पडसं असेल, म्हटलं. बाळाचं कौतुक मी सांगत होते, पण मीठवालीचं लक्ष लेकीकडे होतं. तिने लेकीची हनुवटी धरली, तोंड उघडलं आणि गाल उन्हाकडे वळवला. आत, लालसर जागी, पांढरे बारीक कण होते. मिठासारखेच.

“माय, घर परत जाय. दोन दिनमा गोवर निंघी. तान्हा बाळजोडे जाऊ नको.”

“तुले कसं कयनं?”

तिने ढिगावरून हळूच हात फिरवला. “मन्हा दोन पोरेस्नं माले उशिरा कयनं.”

मी गाडी माघारी वळवली. तिसऱ्या दिवशी लेकीच्या कानामागे पुरळ उठलं.

पंधरवड्याने लेक हिंडूफिरू लागली, तेव्हा मी मीठवालीला सांगायला गेले. तिने आधी विचारलं, “आन् ते तान्हं?”

खुशाल शे, म्हटलं. तिचा अंगठा थांबलेला मी तेवढाच एकदा पाहिला.