मसाल्याच्या गाडीतली बोटीची गाणी

इथं कतारमध्ये, दोह्यात गाडीच्या काचेवर धूळ साठते ना, तसे आमच्या शुक्रवारच्या बैठकीचे किस्से साठलेत. पुसले नाहीत, तर एक दिवस पुढचं काही दिसायचं नाही!

बैठकीत आम्ही तिघं. विल्सन वसईचा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. नझीरभाई रत्नागिरीचे, सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मसाल्याचं दुकान. आणि मी कराडचा, लुसैलच्या एका टॉवरमध्ये एसी सांभाळतो. विल्सनला वेड आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंडकडच्या लोकगीतांचं. तिथली तरुण पोरं आजही आजोबांची गाणी गातात, नवे अल्बम काढतात. फोनवर ऐकणं विल्सनला पटत नाही. "गाणं विकत घेतलं की माणूस शेवटपर्यंत ऐकतो," म्हणतो.

पण आजकाल सीडी प्लेअर असतो कुणाकडे? आमच्यात एकाच ठिकाणी होता, नझीरभाईंच्या मसाल्याच्या जुन्या व्हॅनमध्ये! म्हणून दर शुक्रवारी अबू हमूरला चर्चच्या पार्किंगमध्ये आमची बैठक. विल्सनची प्रार्थना संपल्यावर आणि नझीरभाईंची जुम्म्याची नमाज व्हायच्या आत. मी दोन्ही देवांच्या मधल्या वेळेत मोकळाच!

* * *

पहिल्याच शुक्रवारी विल्सननं सीडी लावली आणि तो करक चहा आणायला गेला. इकडे गाडीत एक जाड, लांबलचक "भूंऽऽऽ" सुरू झालं. सूर नाही, ताल नाही, नुसतं भूं.

"बेल्ट गेला!" नझीरभाई ओरडले. त्यांनी इंजिन बंद केलं. आवाज बंद. चालू केलं. भूंऽऽऽ!

"बघ! इंजिनचाच आवाज हाय!"

भर उन्हात बॉनेट उघडून आम्ही दोघं आत डोकं घालून उभे. मी तर दोन पट्टे ओढूनही बघितले. म्हणायला इंजिनिअर मी! विल्सन तीन कप सांभाळत आला आणि बघतच राहिला.

"अरे बाबांनो, बेल्ट नाही, स्कॉटलंड आहे ते!"

बॅगपाइपचा मुख्य सूर आधी असा भरून घेतात म्हणे, आपल्याकडे तानपुरा लावतात तसा. मग त्या भूंच्या पोटातून चाल वर आली. माझ्या हातावर काटा आला. नझीरभाईंनी बॉनेट हळूच बंद केलं, आवाज होणार नाही असं.

* * *

अल्बम यायचे विल्सनच्या हॉस्पिटलमधल्या एका आयरिश नर्सकडून. ती सुट्टीवरून येताना नवेकोरे घेऊन यायची, बदल्यात नझीरभाई तिला घरचा मसाला द्यायचे. सीड्या राहायच्या व्हॅनमध्येच, मिरचीपुडीच्या पोत्यांशेजारी.

एकदा तिनं एक अल्बम दोन दिवसांसाठी परत नेला. सोमवारी लॅबमध्ये आली ती लाल डोळे घेऊन.

"गाणी फार दुःखी आहेत का गं?" विल्सननं विचारलं.

"माहीत नाही. मी फक्त कव्हर उघडलं! वाजायच्या आधीच रडवणारा हा पहिला अल्बम!"

* * *

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या दोघी बहिणींचा अल्बम आला तेव्हाची गोष्ट. पेटी नाही, ठेका नाही, वाद्य म्हणून काहीच नाही. नुसते दोन गळे. एकीचा श्वास घेतल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. आम्ही तिघं डोळे मिटून बसलेलो. एसी चालू, काचा बंद.

काचेवर धाडधाड! नेपाळी सिक्युरिटी गार्ड घाबराघुबरा उभा. "सदीक! दोस्त! जिंदा हो?"

गाडीच्या धुरानं आम्ही तिघं गेलो असं वाटलं होतं बिचाऱ्याला! नझीरभाईंनी दार उघडलं. तो दटावायला म्हणून आत वाकला आणि तसाच वाकून राहिला. गाणं संपल्यावर म्हणाला, "हमारे पहाड में भी औरतें ऐसे ही गाती हैं." तेव्हापासून आम्हाला सावलीतली जागा मिळते. यल्ला यल्ला, चला चला करून कुणी उठवत नाही.

* * *

विल्सन गाणी मराठीत सांगत जायचा. आणि त्या गाण्यांत काय? दर दुसऱ्या गाण्यात कुणीतरी मरतंय!

"ह्या लोकांत कोण म्हातारा होत नाय काय रे?" नझीरभाई विचारायचे.

पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. गाण्यात बोट आली की नझीरभाईंचं बोट पुढच्या गाण्याच्या बटणावर! आता त्या बेटांवरचे अल्बम, त्यातून बोटी वगळल्या तर उरतं काय? मेंढ्या!

एकदा विल्सन वैतागला. "अहो, सगळ्यात सुंदर गाणं तेच असतं! आपण आंबा टाकून साल चाटतोय!"

नझीरभाई समोर बघत म्हणाले, "माझा बा तांडेल होता, मच्छीच्या बोटीवर. मी शाळेत होतो. बोट गेली ती आली नाय. घरात अम्मानं परत कधी नाव काडलं नाय, मी पण नाय. आता पुढचं लाव."

विल्सननं पुढचं लावलं. पुन्हा तो त्या विषयावर बोलला नाही. पण मला माहीत होतं, नझीरभाईंनी असं एक तरी गाणं शेवटपर्यंत ऐकावं यासाठी त्याचा जीव तुटत होता. माझाही.

* * *

मग अम्मा रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आल्या. शुक्रवारी व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर पानाचा डबा. नझीरभाईंनी आम्हाला आधीच बजावलं होतं, "अम्मासमोर बोटीचं काय लावू नका हां."

विल्सननं मुद्दाम स्कॉटिश बेटांवरचा एक नवा अल्बम निवडला. सगळा तिथल्या जुन्या भाषेत. कुणालाच कळणार नाही, म्हणजे धोका नाही! कव्हरवर गोठ्यात उभी एक गाय होती.

तिसरं गाणं लागलं. एकटी बाई गात होती, अगदी सावकाश, जणू कुणी जवळच बसलंय. अम्मांचं पान लावणं थांबलं. नझीरभाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि हात बटणाकडे नेला. अम्मांनी तो मनगटाला धरला.

"आसू दे."

गाणं संपेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. मग मागे वळून विल्सनला विचारलं, "कोणाची वाट बगते ही?"

विल्सननं घाईघाईनं कव्हरमधली बारीक अक्षरातली इंग्रजी ओळ वाचली आणि त्याचा चेहराच पडला.

"नवऱ्याची, अम्मा. मासेमारीला गेलाय."

"आला?"

विल्सननं नझीरभाईंकडे बघितलं. "आला, अम्मा."

"खोटं बोलतंस. आला आसता तर बाय गात बसली आसती? मासळी तळीत बसली आसती!"

नझीरभाईंनी मान खाली घातली होती. मग त्यांनी डोळे पुसले, हात पुढे केला आणि बटण दाबलं.

पुढचं नाही, मागचं.